माझं पाचारण, माझ्याच तोंडून

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मला सगळे 'माईकवाली' म्हणायचे. गाणारी नव्हे हं! मी गायला लागले असते तर लोकांनी चपला शोधल्या असत्या. मी भाषांतर करायचे. बाहेरून कोणी वक्ता आला आणि त्याला मराठी येत नसलं, की त्याच्या शेजारी दुसरा माईक धरून मी उभी. तो इंग्रजीत एक वाक्य बोलणार, मी ते मराठीत सांगणार, मग तो पुढचं बोलणार. अकरावीत असताना हे काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळीतल्या इंग्लिश मीडियमच्या पोरांचं मराठी म्हणजे आनंदीआनंद होता, मराठी मीडियमवाल्यांना इंग्रजी ऐकलं की घाम फुटायचा, आणि मला दोन्ही बऱ्यापैकी यायचं. शिवाय आवाज होता. पप्पा म्हणायचे, हिला माईक कशाला देता, हिचा आवाज असाच विठ्ठलवाडीपर्यंत जातो.

आम्ही राहायचो अंबरनाथला, पूर्वेच्या एका चाळीत. पप्पा एमआयडीसीत कामाला, शिफ्ट ड्यूटी. मंडळी भरायची उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात, दुकानांच्या वरच्या एका हॉलमध्ये. खाली जीन्स शिवायचे कारखाने, त्यांना रविवार वगैरे काही नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की मशिनींमुळे पायाखालची फरशी थरथरायची. नव्या माणसाला वाटायचं, पवित्र आत्मा उतरला. आम्ही त्याला कधी खरं सांगायचो नाही. आमच्यात नगरकडून आलेली जुनी ख्रिस्ती घरं होती, आमच्यासारखी, एकमेकांना 'सलाम' करणारी. दोन-तीन सिंधी कुटुंबं होती, केरळच्या नर्सताई होत्या, आणि आम्ही तरुण संघवाली पोरं. आमच्या हातात रबरी पट्टे, टी-शर्टवर इंग्रजीत देवाचा संदेश, आणि मोबाइलवर दिवसभर मेसेज: हा आशीर्वाद दहा जणांना पाठवा, अडवून ठेवू नका. सव्वीस जुलैच्या पुराच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट, तेव्हा घरात एकच मोबाइल होता आणि तो पप्पांचा होता. त्यामुळे ते सगळे आशीर्वाद कंपनीत पप्पांच्या खिशात वाजायचे.

भाषांतराचे काही नियम होते. कोणी लिहून दिलेले नव्हते, पण सगळे पाळायचे. वक्ता ओरडला की आपण ओरडायचं. तो कुजबुजला की आपण कुजबुजायचं. त्याने हात वर केला की आपलाही हात वर. आणि 'ते म्हणतात' असं चुकूनही म्हणायचं नाही. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. एकदा एका वक्त्याने आपल्या संसाराची साक्ष दिली, आणि मी, सतरा वर्षांची पोरगी, दोन वेण्या घातलेली, पूर्ण जोशात म्हणाले, "मी माझ्या बायकोला खूप छळलं!" अख्खा हॉल हसून लोळला. मम्मी पदर तोंडात कोंबून हसत होती. लोक मला ते अजून ऐकवतात.

शेवटचा नियम आमेनचा. वक्ता म्हणाला, सगळे म्हणा आमेन, की मी म्हणणार, "सगळे म्हणा, आमेन!" आणि माझ्या त्या आमेनला धरून मंडळी म्हणणार. अगदी मागच्या बाकावर एक आजोबा बसायचे. ऐकायला जवळजवळ शून्य. त्यांनी आपली एक सोय करून घेतली होती. बोलण्यात जरा खंड पडला की ते खणखणीत "आमेन" ठोकायचे. एकदा आमचे पास्टर, पाळकसाहेब, दुःखाची बातमी सांगता सांगता थांबले, तेव्हाही ठोकलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटेल ही देव सोडलेली बाई आपली कैफियत मांडते आहे. तसं अजिबात नाही. मी तेव्हा प्रार्थना करायचे, आजही करते. त्या हॉलवर माझा जीव होता. माझा बाप्तिस्मा तिथल्या पाळकसाहेबांनीच केला. म्हणून तर पुढे जे झालं त्याने मला एवढा त्रास झाला. परक्याचं काय, झटकून टाकता येतं.

त्या वर्षी मी बारावी झाले आणि सिव्हिलच्या डिप्लोमाला माझा नंबर लागला. घरं बांधणं शिकायचं हे खूळ माझ्या डोक्यात बदलापूरला शिरलं. तिथे शिरगावात मावशी राहायची. दर सुट्टीत गेलं की कालच्या शेतात आज खांब उभे असायचे. स्लॅब भरायचं काम चालू असलं की मी रस्त्यात उभी राहून बघत बसायचे, आणि मावशी गॅलरीतून ओरडायची, "अगं भवाने, दूध आणायला गेलीस ना?" घरी येऊन मी वहीच्या पुठ्ठ्यांवर घरं काढायचे. आमच्या चाळीच्या खोलीत ओटा कोपऱ्यात होता, दिवसाही बल्ब लावल्याशिवाय तांदळातला खडा दिसायचा नाही. मम्मीचं आयुष्य त्या कोपऱ्यात गेलं. माझ्या प्रत्येक घरात पहिली खिडकी ओट्यासमोर असायची. मम्मी पुठ्ठा हातात घेऊन म्हणायची, "एवढी मोठी? मग शेजारीण दिवसभर तिथेच टांगलेली असेल." पण पुठ्ठा टाकायची नाही. गादीखाली ठेवायची.

जूनमध्ये तरुणांचा मेळावा ठरला आणि दक्षिणेकडून एक ब्रदर आले. आमच्या तरुण संघाचा लीडर, आम्ही त्याला नुसतं दादा म्हणायचो, त्या ब्रदरच्या सीडी ऐकून ऐकून वेडा झाला होता. माणूस होताच तसा. उंच, पांढराशुभ्र शर्ट, आवाज असा की खालच्या मशिनी ऐकूच येऊ नयेत. दुपारी पाळकसाहेबांच्या घरी जेवण होतं. पाळकीणबाईंनी मटणाचा रस्सा केला होता, आणि ब्रदरनी नाक पुसत पुसत माझी चौकशी केली. काय शिकतेस, पुढे काय. मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. डिप्लोमाला नंबर लागलाय, घरं बांधणार आहे. ते म्हणाले, व्हेरी गुड, आणि अजून एक भाकरी घेतली.

संध्याकाळची सभा रंगली. शेवटी कीबोर्डवर हळू हळू सूर चालू झाले, आणि ब्रदर डोळे मिटून एकेकाबद्दल संदेश द्यायला लागले. निळ्या शर्टातल्या भावा, तुझी पाठदुखी जाते आहे. मागच्या बहिणी, तुझं रडणं देवाने ऐकलंय. ते छोटं वाक्य टाकायचे, मी लगेच मराठीत उचलायचे. तोवर आमच्या दोघांची लय इतकी जमली होती की मी विचारही करत नव्हते. भाकऱ्या थापताना हात चालतात आणि डोकं भलतीकडे असतं, तसं तोंड चालू होतं.

ब्रदर म्हणाले, आणि मी म्हणाले, "ज्या मुलीच्या हातात हा दुसरा माईक आहे, तिच्यासाठी परमेश्वराचा शब्द आहे."

बोलून झालं आणि मला कळलं, अरे, ती मुलगी म्हणजे मी. पण ब्रदर थांबले नाहीत, आणि ते थांबत नाहीत तोवर मी थांबायचं नाही हा नियम. "परमेश्वर म्हणतो, मी तिला जगाच्या शाळेतून काढून माझ्या शाळेत नेईन," मी सांगितलं. "ती आपलं घर सोडील. ती याच पावसाळ्यात निघेल. तिचं आयुष्य सेवेसाठी वेगळं केलेलं आहे." ब्रदरनी हात वर केला, माझाही हात वर. ब्रदर ओरडले, मीही ओरडले, "सगळे म्हणा, आमेन!"

आणि सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले. आमेन.

हॉल दणाणला. बायका रडायला लागल्या. दादाने येऊन माझा हात हातात घेतला तर त्याचेही डोळे भरलेले. मी नुसती माईक धरून उभी. पाय लटपटत होते आणि त्यात खालच्या मशिनींचा काही हात नव्हता.

ब्रदरची दक्षिणेत स्वतःची बायबल शाळा होती. जुलैत सुरू व्हायची, दोन वर्षं तिथेच राहायचं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की आपल्या मंडळीतून पहिल्यांदाच एका तरुणीला पूर्णवेळ सेवेचं पाचारण आलं आहे, आणि जुलैत स्वतः ब्रदर येऊन हात ठेवून तिची पाठवणी करतील. मला कोणी विचारलं नाही. कशाला विचारतील? मी सगळ्यांदेखत आमेन म्हणाले होते ना!

मग सुरू झालं रुखवत. लग्नाचा पत्ता नाही आणि घरात सामान यायला लागलं. बाजारात कापडाचं दुकान असलेल्या सिंधी आंटींनी दोन चादरी दिल्या. नर्सताईंनी टॉर्च आणि ओडोमास. कोणी बॅग, कोणी स्टीलचा डबा. जो भेटेल तो म्हणणार, किती भाग्यवान गं तू. माझ्या तोंडावर हसू, आणि डोक्यात कॉलेज. डिप्लोमाच्या प्रवेशाचा दिवस ठरला होता, पाठवणीच्या रविवारनंतरचा सोमवार. त्या दिवशी कॉलेजात हजर झालं नाही की जागा गेली. आणि नेमकी त्याच सोमवारी ब्रदरबरोबर निघायची गाडी.

मी दादाला गाठलं. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर. म्हटलं, "दादा, मला असं काही पाचारण वगैरे वाटत नाही रे. मला डिप्लोमा करायचाय."

"वाटण्यावर नसतं ते. देवाचा माणूस बोललाय."

"देवाच्या माणसाला मीच दुपारी जेवताना सांगितलं होतं की मी कॉलेजला जाणार आहे. मग देवाने सांगितलं की रश्श्याने?"

त्याला ते झोंबलं. वाईट मुलगा नव्हता तो. कॉल सेंटरची रात्रपाळी करून सकाळी गिटार शिकवायचा, फुकट. मनापासून मानायचा तो. म्हणाला, "थट्टा करू नको. तुझ्या स्वतःच्या तोंडून निघालं. तू आमेन म्हणालीस."

"अरे बाबा, मी 'माझ्या बायकोला छळलं' असंही म्हणाले होते. मग काय, झालं का माझं लग्न?"

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "देवापासून पळणाऱ्याला बायबलात मासा गिळतो, माहीत आहे ना?"

"वालधुनीत मासा उरलाय कुठे!" मी म्हटलं. कंपन्यांच्या पाण्याने त्या नदीचा रोज वेगळा रंग व्हायचा. आम्ही दोघंही हसलो, आणि चहा संपवून तो म्हणाला, "तरी जाशील तू. मला माहीत आहे." मला त्याचा इतका राग आला की मी माझा ग्लास तसाच टाकून निघाले.

पाळकसाहेबांकडे गेले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, मन फसवतं. आपल्या मनाचं ऐकायचं नसतं. शंका येणारच, ती कोण आणतो ते तुला ठाऊक आहे." मी होय म्हटलं तर ते देवाचं, नाही म्हटलं तर ते सैतानाचं. म्हणजे माझं असं काही उरलंच नाही. लहानपणी याच माणसाने रविवारच्या शाळेत शिकवलं होतं की प्रत्येकाने शास्त्र आपलं आपण वाचावं, देवाशी आपलं आपण बोलावं, मध्ये कोणी लागत नाही. मी ते खरं धरून बसले होते.

पण खरं अडलं होतं ते मम्मीपाशी. तिला माझा डिप्लोमा हवा होता. पुठ्ठे गादीखाली ठेवणारी बाई ती. पण ती घाबरली होती. माझ्याआधी तिचं एक मूल गेलं होतं, तापाने, अगदी तान्हं. त्या वेळी मंडळीतलं कोणीतरी तिला म्हणालं होतं की तुझा विश्वास कमी पडला. बोलणारा बोलून गेला. मम्मीने ते तेव्हापासून उराशी धरून ठेवलं होतं. देव या विषयावर ती कधी कोणाला उलटं बोलायची नाही. मी म्हटलं, मी नाही जाणार, की तिचा चेहरा पांढरा पडायचा. "असं नको गं बोलू. देवाला नाही म्हणू नये. काही झालं म्हणजे?"

"काय होईल?"

"मला विचारू नको," ती म्हणायची, आणि आपल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन भांडी घासायला लागायची. घासलेलीच भांडी परत घासायची. मला तिची कीव यायची आणि तिच्यावर चीडही यायची. सतरा-अठराव्या वर्षी आपल्याला आईची भीती म्हणजे आपल्या वाटेतली धोंड वाटते. तिच्या खांद्यावर काय आहे ते दिसत नाही.

पप्पा नाइट शिफ्ट करून आलेले, एका सकाळी दाढी करत होते. मी सगळं त्यांच्यापुढे ओतलं. ते गालाला साबण लावून आरशातूनच म्हणाले, "देवाला तुला काही सांगायचं असेल तर तो तुला सांगेल ना. त्याला काय मराठी येत नाही?"

त्यांनी वस्तरा पाण्यात खळबळून घेतला.

"सोमवारी मी सुट्टी टाकतोय," ते म्हणाले. "कुठे यायचं ते तू सांग. कॉलेजला की स्टेशनला." आणि पुन्हा वस्तरा चालू.

मग मी ठरवलं, विचारूनच टाकू. खरंच विचारू. शनिवारी हॉलवर उपवास-प्रार्थना असायची. मी दोन शनिवार पाण्यावर काढले. सगळे गेल्यावरही दुपारभर एका कोपऱ्यात बसून राहिले. म्हटलं, हे बघ देवा, मी भांडायला आलेली नाही. तू म्हणत असशील तर जाते. चादरी पण आल्या आहेत. फक्त मला सांग. मला, ब्रदरला नको. आणि गप्प बसले. पंखा फिरत होता. मशिनी चालू होत्या. भुकेने पोट ओरडत होतं. वर छताला तुळईच्या बाजूने ओल उतरली होती, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी प्रार्थना सोडून ते पाणी कुठून येत असेल याचा विचार करते आहे. गच्चीचा उतार उलटा दिला असणार. मी स्वतःलाच चापट मारली आणि परत डोळे मिटले. परत तेच. काहीच ऐकू आलं नाही. पण खरं सांगू? त्या 'काही नाही'मध्ये मला भीती वाटली नाही. कोणीतरी शेजारी बसलंय आणि त्याला काही घाई नाही, असं वाटत राहिलं. एवढंच. पाचारण म्हणायला हे फारच थोडं होतं, पण होतं ते माझं होतं.

पाठवणीचा रविवार आला. मंडळी खच्चून भरली. पहिल्या रांगेत आमच्या घरच्यांसाठी तीन खुर्च्या, मम्मीने ठेवणीतली साडी नेसलेली, पप्पा आपल्या एकुलत्या एक इस्त्रीच्या शर्टात. आणि आता गंमत बघा. ब्रदरना मराठी येत नाही, आणि भाषांतर करणारी मंडळीत एकच. म्हणजे माझ्या पाठवणीलाही माईक माझ्याच हातात!

ब्रदर आज्ञापालनावर बोलले. मी सगळं सांगितलं. एक वाक्य गाळलं नाही, एक शब्द वाकडा केला नाही. ते ओरडले तिथे ओरडले, ते हळवे झाले तिथे हळवी झाले. कामात खोट काढायला मी कोणाला जागा ठेवणार नव्हते. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांनी विचारलं, आणि मी मंडळीकडे तोंड करून त्यांच्याच सुरात विचारलं, "या मंडळीसमोर मी तुला विचारतो. या पाचारणाला तू होकार देतेस का?"

ब्रदर थांबले. दादाची बोटं गिटारवर थांबली. पहिल्यांदाच पुढचं वाक्य माझं होतं.

मी माईक खाली केला. म्हटलं, "इथपर्यंत ब्रदर बोलले. आता मी बोलते. मी जाणार नाही. मी उपवास केले, प्रार्थना केली. देवाने मला असं काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी आमेन म्हणाले ते रोजच्या सवयीने म्हणाले. ते माझं नव्हतं. हे माझं आहे. उद्या मी कॉलेजला जाणार आहे."

शब्द विठ्ठलवाडीपर्यंत गेले असावेत.

आणि ब्रदर हसत होते! त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरीने लांबलचक होकार दिला. "हल्लेलूया!" म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचललासुद्धा. मग समोरची तोंडं बघून हात मध्येच थांबला, आणि ते माझ्याकडे बघायला लागले. आता याचं इंग्रजी कर. माझं काम होतं ते. पण आयुष्यात पहिल्यांदा मला इंग्रजीचा एक शब्द सुचेना.

पाळकसाहेब झटकन उठून पुढे आले. त्यांना बेताचं इंग्रजी यायचं. ब्रदरना म्हणाले, "शी इज लिटल अफ्रेड, ब्रदर. शी वॉन्ट्स प्रेयर." पोरगी घाबरली आहे, प्रार्थना मागते आहे. माझा राग मस्तकात गेला. एवढं स्पष्ट बोलून त्याचं हे भाषांतर? पण तोंडच उघडेना. ब्रदरनी मान हलवली, समजल्यासारखा चेहरा केला, आणि हात पुन्हा उचलला.

"नहीं, ब्रदर."

मम्मी उभी होती.

तिचं हिंदी म्हणजे बाजाराचं हिंदी. सिंधी दुकानदारांशी घासाघीस करून आलेलं, त्यापलीकडे तिला कधी लागलं नव्हतं. पदर डोक्यावर, एका हाताने पुढची रेलिंग धरलेली. रेलिंग खडखड वाजत होती.

"डर मेरे को लगता है, ब्रदर," मम्मी म्हणाली. "इसको नहीं लगता. इसने बोला, नहीं जाएगी. बराबर बोला इसने."

ब्रदरना एवढं हिंदी कळलं. त्यांचा हात हळूच खाली आला आणि खिशात गेला. पाळकसाहेब एकदा मम्मीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. खालच्या मशिनी तेवढ्या चालू.

बोलण्यात खंड पडला होता.

"आमेन!" मागच्या बाकावरून आजोबांनी ठोकलं.

आणि सवय ती सवय. बायकांच्या बाजूने पाच-पंचवीस जणी म्हणाल्या, आमेन. पुरुषांच्या बाजूने गुरगुरत, आमेन. दादाच्या तोंडूनही निघून गेलं, मी बघितलं. मग सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आमेन म्हटलं की झालं, हे त्यांनीच मला महिनाभर सांगितलं होतं. आता बोला!

पाळकसाहेबांनी समारोपाची प्रार्थना आटोपती घेतली. माझ्याशी कोणी फार बोललं नाही. सिंधी आंटींनी जिन्यावर हात धरला आणि म्हणाल्या, चादर रख ले, कॉलेज में भी तो सोएगी. त्या परिस्थितीतही मला हसू फुटलं.

घरी जाताना आम्ही शेअर रिक्षा केली. पप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकून, मागे मी आणि मम्मी. तिचा हात माझ्या हातात होता, गार. मला वाटलं, आता ही रडेल. मला वाटलं, मीच हिला हे करायला लावलं, आणि आता ही रात्रभर जागी राहील, मला साधी शिंक आली तरी दचकेल.

अंबरनाथ आलं तेव्हा ती बोलली. "देव रागावला असेल का गं?"

खोटं बोलवेना. मी म्हटलं, "माहीत नाही, मम्मी."

तिने माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "रागावला तर माझ्यावर रागावेल. ब्रदरला सांगितलं ते मी सांगितलं. तू तर मराठीत बोललीस."